ठकूबाईचा बांधलेला हात

“मग अजून काय शिकायचं राहिलं, बुवा?”

रेवणबुवांनी पुढचा हिरडा उचलला. ते मठाच्या ओसरीवर मांडी घालून हिरडे फोडत बसले होते.

“नाडी कळते. जीभ पाहता येते. लक्षणं पाठ आहेत, उलटी विचारा नाहीतर सुलटी विचारा. बारा वर्षं काशीत काढलीत मी.”

धुंडिराजने काशीत बारा वर्षं काढली होती, हे खरंच होतं. नदीवर पाणी भरायला येणाऱ्या बायकांनाही ते आता ठाऊक झालं होतं. त्यानंतरचं एक वर्ष तो या मठात राहिला, बुवांच्या मागे मागे हिंडून रोगी पाहिले, काढे उकळले. आता त्याला बुवांचा आशीर्वाद घेऊन आपल्या गावी जायचं होतं. ‘रेवणबुवांचा शिष्य’ एवढं म्हटलं की त्या मुलखात कोणाचंही दार उघडत असे.

“ठकूबाई कशी आहे?” बुवांनी विचारलं.

धुंडिराजची कळी खुलली. नदीपलीकडच्या कुंभारवाड्यातली सत्तरीची ठकूबाई हा त्याने एकट्याने हाती घेतलेला पहिला रोगी. आठ दिवसांपूर्वी ती अंगणात चालता चालता कोसळली होती. उजवं अंग गेलं, वाचा गेली. बुवा निरोप ऐकून म्हणाले होते, तू जा.

“उत्तम आहे. अर्धांगवायू, दुसरं काही नाही. सकाळ-संध्याकाळ तेलाचं मर्दन चालू आहे, समोर उभा राहून करवून घेतो. लिंबाजीचे हात चांगले दणकट आहेत, तिचा मुलगा. आणि तो कंप तर पार थांबवला.”

“कसला कंप?”

“डाव्या हाताचा. बोट सारखं आपटायची. मांडीवर, गुडघ्यावर, उशाच्या गाडग्यावर... वायू खवळला की होतं तसं.”

“थांबला, की थांबवला?”

“...मऊ फडक्याने मनगट खाटेला बांधलं. तीन दिवस झाले. आता अगदी शांत पडून असते.”

बुवांनी एक हिरडा फोडला. बी बाजूला टाकली.

“झोपेत व्हायचा कंप?”

“नाही.”

“एकटी पडलेली असताना?”

धुंडिराजला आठवावं लागलं. “...नाही. कोणी जवळ आलं की सुरू व्हायचा.”

बुवांचा हात तसाच थांबला.

“विलक्षण कंप आहे,” ते म्हणाले.

धुंडिराजला वाटलं, आपलं कौतुक झालं. तो आणखी थोडा ताठ बसला.

“आज दुपारी तिला उभी करणार आहे. दोन गडी सांगून ठेवलेत. भार पडल्याशिवाय पायात जीव यायचा नाही.”

“पाय काय म्हणतो?”

“पाय काय म्हणणार, बुवा? तो तर मेलेलाच आहे.”

बुवा उठले. हिरडे तसेच टाकून उठले, हे धुंडिराजने त्या वर्षात पहिल्यांदाच पाहिलं. कोपऱ्यातली काठी घेतली.

“चल,” ते म्हणाले. “मेलेल्या पायाला भेटून येऊ.”

नदीला गुडघाभर पाणी होतं. धुंडिराज वाटभर बोलत होता आणि बुवा वाटभर ऐकत होते. बुवा त्याचंच ऐकत होते की आणखी कशाचं, हे मात्र सांगता येणार नाही.

ठकूबाईच्या घराचं दार उगवतीला होतं, आणि दारासमोरच अंगणात आवा रचलेला होता. मडकी भाजायला घातली होती. राखेखालून, गोवऱ्यांच्या फटींतून बारीक धूर निघत होता. घरात रोगी पडला म्हणून कुंभाराचं काम थांबत नाही.

दोन गडी दाराशी धोतरं खोचून तयारच उभे होते.

“या, बुवा, या!” लिंबाजीने पाय धुवायला पाणी दिलं. “आज आईला हुबी करायचीय. वैद्यबुवांनी सांगितलंय.”

“आईला सांगितलंस?”

“आईला?” लिंबाजी गोंधळला. “ती कुठं बोलतीया आता...”

“बोलत नाही. ऐकत तर असेल.”

लिंबाजीने धुंडिराजकडे पाहिलं. धुंडिराजने घसा साफ केला.

“मी रोज विचारतो, बुवा. कुठे दुखतं का, म्हणून. कधी चुकलो नाही.”

“काय म्हणते?”

“लिंबाजी सांगतो ना, नाही म्हणून.”

बुवांनी मान डोलावली. दुखणं ठकूबाईचं आणि उत्तर लिंबाजीचं, असा आठ दिवस चोख कारभार चालला होता.

खाटेवर ठकूबाई उताणी पडली होती. तोंड एका बाजूला ओढलेलं. उजवा पाय बाहेरच्या अंगाला कलंडलेला. डावं मनगट खाटेच्या माचव्याला बांधलेलं, गाठ मऊ होती, पण घट्ट होती. डोळे उघडे होते आणि ते आढ्याकडे लागले होते. उशाशी पाण्याचं छोटं गाडगं होतं.

“मर्दनाच्या वेळी काय करते?” बुवांनी हळूच विचारलं.

“काही नाही. डोळ्यांतून पाणी येतं थोडं. अर्धांगात चेहरा ढिला पडतो, डोळा गळतो. ग्रंथात स्पष्ट आहे.”

“कोणता डोळा?”

“गेलेल्या अंगाचा. उजवा.”

बुवा लिंबाजीकडे वळले. “मालिश तू करतोस. कोणत्या डोळ्यातून येतं पाणी?”

“दोनी डोळ्यांतनं येतं, बुवा,” लिंबाजी म्हणाला. “उशी वली हुती.”

धुंडिराजने उशीकडे पाहिलं.

बुवा खाटेपाशी जमिनीवरच बसले. आता त्यांचं तोंड म्हातारीच्या तोंडासमोर आलं. त्यांनी नाडी धरली नाही. जीभ पाहिली नाही. फडक्याची गाठ सोडली, एवढंच केलं.

मनगटावर वळ उठला होता.

हात मोकळा झाला, पण हलला नाही. बांधलेला होता तसाच पडून राहिला.

“पाहिलंत?” धुंडिराज कुजबुजला. “कंप गेला.”

बुवांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

ते बसून राहिले. किती वेळ, ते कोणी मोजलं नाही. गड्यांपैकी एकाने तंबाखू मळली, तोंडात टाकली, दाराबाहेर थुंकून आला. लिंबाजीने एकदा खाकरून पाहिलं. धुंडिराजला घाम फुटला. त्याला रोग्याशी बोलता येत होतं, रोग्याविषयी तर फारच बोलता येत होतं, पण रोग्यापाशी नुसतं बसणं त्याला कधी जमलं नव्हतं.

“बुवा, एकदा नाडी...”

बुवांनी बोट ओठांवर ठेवलं.

मग ते म्हातारीला म्हणाले, “माय, मी आज तोंड मठात ठेवून आलोय. नुसते कान आणलेत.”

ठकूबाईचे डोळे आढ्यावरून खाली आले.

बुवांच्या तोंडावर ते थांबले. तिथून दाराकडे, त्या दोन गड्यांकडे गेले, आणि परत आले. त्या नजरेत भीती होती. आठ दिवस ती तिथेच होती, आणि आठ दिवस कोणी तिला भीती म्हटलं नव्हतं.

डावा हात हलला.

आधी एक बोट. मग मनगट. हात सरकत सरकत उशाकडे गेला, मधलं बोट वाकलं, आणि पाण्याच्या गाडग्यावर पेराने एक टिचका बसला.

खण्ण.

मग तो हात पोटावरून पलीकडे आला. अंग वळत नव्हतं, खांदा ओढून ओढून तो उजव्या गुडघ्यापर्यंत कसाबसा पोचला. तिथे तसाच एक टिचका.

टप्.

ठकूबाईने बुवांकडे पाहिलं. पुन्हा हात उशाकडे. गाडगं. पुन्हा गुडघा. गाडगं... गुडघा...

“हाच,” धुंडिराज म्हणाला. “हाच तो कंप. पुन्हा सुरू झाला, बघा. फडकं बांधल्याशिवाय—”

चुलीपाशी काहीतरी पडलं.

ठकूबाईची सून कौतिका डोईवर पदर घेऊन तिथे भाकरी थापत होती. आठ दिवसांत धुंडिराजने तिला एक शब्द विचारला नव्हता. ती आता उठून उभी राहिली होती, हात पिठाचे, पदर खांद्यावर घसरलेला, आणि तिला त्याचं भान नव्हतं.

“आत्याबाई मडकं पारखत्यात,” ती म्हणाली.

“काय?”

“आवा उघडला का हितं घरात बसून आत्याबाईच पारखायच्या, बुवा. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायच्या न्हाईत. असंच बोट वाकवून टिचका मारायचा आन कान द्यायचा. खणखणीत वाजलं, उजवीकडं. बद्द वाजलं, फुटकं, डावीकडं. आन कच्चं ऱ्हायलं आसंल तर त्ये फेकायच्या न्हाईत. खाली ठिवून नुसतं बोट करायच्या, हिकडं, दाराकडं... म्हंजी घाला परत आव्यात.”

“मग आधी का न्हाई बोललीस?” लिंबाजी ओरडला.

“मला वाटलं, कामाचा हात हाय, गप बसवंना आसंल. मग वैद्यबुवांनी बांधला.” तिने मान खाली घातली. “आन मला कोण इचारतंय...”



बुवांनी हात पुढे केला. “पोरी, चुलीवरची फुंकणी दे.”

कौतिकाने बांबूची फुंकणी आणून दिली. एक टोक जळून काळं झालेलं, राख लागलेली. बुवांनी ते काळं टोक आपल्या उपरण्याने पुसलं, तरी राख राहिलीच.

“हे स्वच्छ टोक सासूच्या कंबरेच्या हाडावर ठेव, डावीकडे, लुगड्यावरूनच. दुसऱ्या टोकाला कान लाव. ती मडक्याला देते तसा कान दे.”

कौतिका वाकली. कान लावला.

बुवांनी म्हातारीच्या डाव्या गुडघ्याच्या वाटीवर बोटाने टिचकी मारली. पुन्हा मारली.

“वाजतंय,” कौतिका म्हणाली. तिचे डोळे मोठे झाले. “बुवा, हाड वाजतंय! भाजून निघालेल्या मडक्यावानी...”

“आता उजवीकडे.”

फुंकणी उजव्या बाजूला गेली. बुवांनी उजव्या गुडघ्यावर टिचकी मारली.

कौतिका तशीच राहिली.

“आजून एकदा, बुवा.”

बुवांनी पुन्हा मारली.

“...बद्द,” ती म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांना धारा लागल्या. “फुटलंय, बुवा. आत्याबाई सांगत हुत्या, फुटलंय म्हणून.”

ठकूबाईने डोळे मिटले. आठ दिवसांत पहिल्यांदा तिचा तो मोकळा हात सैल झाला.

“धुंडिराज,” बुवा म्हणाले. “तूही ऐक.”

धुंडिराज खाली वाकला. काळं टोक त्याच्या कानाला लागलं. डावीकडे त्याला आवाज ऐकू आला. लांबचा, पण स्वच्छ, विहिरीत खडा पडल्यासारखा. उजवीकडे बुवांचं बोट वाटीवर पडताना त्याने डोळ्यांनी पाहिलं, आणि कानात मात्र काहीतरी मुकं, अडखळलेलं येऊन वाटेतच थांबलं.

त्याने फुंकणी सोडली नाही. पुन्हा डावीकडे ऐकलं. पुन्हा उजवीकडे.

ती अंगणात उजव्या अंगावर पडली होती. पडताना खुब्याचं हाड मोडलं होतं. वाचा गेली तेव्हा हेही तिच्या आतच राहून गेलं. तिच्याजवळ शब्द नव्हते, आणि जन्मभर ज्या हाताने तिने खरंखोटं पारखलं तो एक हात तेवढा उरला होता. पडल्या पडल्या तिने आपलंच हाड वाजवलं होतं, बाहेरून कोणाला ऐकू येणार नाही ते आतून ऐकलं होतं, आणि मग जो जवळ येईल त्याला ती गाडग्याशी ताडून दाखवत होती. हे बघा, हे चांगलं. हे बघा, हे फुटकं.

हे लिहितानाही माझ्या अंगावर काटा उभा राहतो. त्या खोलीत तर उभ्या असलेल्या धटिंगण गड्यांनीही हात जोडले होते. कोणाला जोडले, ते त्यांनाही ठाऊक नसावं.

आणि आपण काय केलं, ते धुंडिराजला आता दिसत होतं. मोडलेल्या हाडावर सकाळ-संध्याकाळ दणकट हातांचं मर्दन. तिचं बोलणं सुरू झालं, तेव्हा मनगटाला फडकं. आणखी घटकाभराने तिला त्या पायावर उभी करायची होती.

“लिंबाजी,” बुवा म्हणाले, “या दोघांना कामाला लाव. एकाला नदीची वाळू आणू दे, दोन पिशव्या शिवून त्यात भर, पायाच्या दोन्ही बाजूंना लावायच्या. दुसऱ्याला बांबू आण म्हणावं, लांब कामट्या काढायच्या. तेल बंद. पाय हलवायचा नाही. कूस बदलायची ती चौघांनी मिळून, पाय धरून, आणि आधी तिला सांगून.”

“चालंल का ती, बुवा?” लिंबाजीने विचारलं.

“सांगता येत नाही.”

“बुवा...”

“आज उभी केली असती, तर सांगता आलं असतं.”

लिंबाजी आईच्या पायाशी बसून ढसाढसा रडला. त्याच हातांनी त्याने आठ दिवस तेल चोळलं होतं. ठकूबाईने हात त्याच्याकडे सरकवला, पण तो तिथवर पोचला नाही. कौतिकाने तो धरून नवऱ्याच्या डोक्यावर ठेवला.

वाळू आली. कामट्या आल्या. बुवांनी पाय बांधायला घेतला, आणि प्रत्येक वेढा घालायच्या आधी ते म्हातारीच्या डोळ्यांकडे पाहत. डोळे मिटले की थांबत. उघडले की पुढचा वेढा. एकदा गाडग्यावर टिचका वाजला, तेव्हा त्यांनी एक गाठ सोडून सैल बांधली. दोघांचं इतकं बोलणं झालं आणि शब्द एकही नाही.

धुंडिराज भिंतीशी उभा होता. त्याला ग्रंथातलं काही आठवत नव्हतं.

पाय बांधून झाला तसा तो पुढे आला, गुडघ्यांवर बसला आणि खाटेच्या कडेला कपाळ टेकलं.

“माय... माझं चुकलं. तू सांगत होतीस, आणि मी तुझं तोंड बांधलं.”



मग त्याच्या कपाळावर टिचका बसला.

टक्.

धुंडिराज दचकला, पण त्याने मान हलवली नाही. ठकूबाईने मान थोडी कलती केली होती, जिवंत अंगाचा कान त्याच्याकडे केला होता. कपाळाला आठी. आवा उघडल्यावर असेल तसंच ध्यान. तिने पुन्हा एकदा टिचका मारला, जरा बाजूला. ऐकलं.

मग तिने हात मागे घेतला. बोट उचललं. आणि ते दाराकडे केलं.

धुंडिराजने ते बोट पाहिलं. त्याचा चेहरा राखेसारखा झाला.

“बरोबर आहे, माय,” तो म्हणाला. “माझी जागा इथे नाही.”

त्याने औषधांची झोळी खांद्यावरून काढून बुवांच्या पायाशी ठेवली. नमस्कार केला. कानाला फुंकणीची काजळी तशीच लागलेली होती, आणि त्याला ती पुसायचं सुचलं नाही.

मान खाली घालून तो उंबऱ्यापर्यंत गेला.

खोलीत कौतिकाने पदर तोंडाला लावला होता. तिचे डोळे ओले होते आणि ती हसत होती. ठकूबाईच्या तोंडाची एकच बाजू हलत होती, तीही थोडी वर गेली होती. बोट अजून तसंच होतं.

धुंडिराजचा एक पाय उंबऱ्याबाहेर पडला. समोर अंगणातल्या आव्यातून धूर सरळ वर चढत होता. त्याने डोळे वर केले नव्हते.

“धुंडिराज...” रेवणबुवा म्हणाले.

तो थांबला.

“नीट बघ. ते बोट दाराशी थांबलेलं नाही.”